मला न्यायला आलेला टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. साकोलीच्या एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि वैनगंगेकाठच्या एका लहान गावाच्या शाळेत मी आलो. पुढे गोसीखुर्द धरणाचं पाणी चढू लागलं आणि गाव उठलं. लोक भांडीकुंडी, शेळ्या हलवत होते. मासेमारी करणाऱ्या बुधरामने मात्र आधी मला आपल्या डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, घातलं. "घर मंग बांधता येते. लेकराइची शाळा पयले," तो म्हणाला. नव्या गावात घरांवर छपरं चढण्याआधी, मला झाडाला टेकवून शाळा भरली.

पुष्कळ मुलं माझ्यावर अक्षरं गिरवून मोठी झाली. मग ज्यांना जमलं, त्यांनी आपली मुलं साकोलीच्या खासगी शाळेत घातली. वर्ग ओस पडू लागला. माझा काळा रंग उडाला, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात कळलं, की पट कमी म्हणून आमची शाळा बंद होणार आणि मुलं महामार्गापलीकडच्या शाळेत जाणार.

गावाची सभा माझ्यासमोरच भरली. शाळा वाचलीच पाहिजे, असं गावातला भूपेश सगळ्यांत जोरात बोलत होता. शाळा समितीची अध्यक्ष चंदा, दुसऱ्यांच्या शेतातल्या बांधीत धान रोवणारी बाई, शांतपणे म्हणाली, "भूपेशभाऊ, तुयी हर्षा त गाडीनं साकोलीले जाऊन राहिली. मंग ही शाळा आपुन कोनासाठी वाचवाची?"

भूपेश खाली बसला. शाळा उघडली त्या सकाळी तो हर्षाला हाताला धरून घेऊन आला. त्याचं पाहून आणखी काही घरांतली मुलं आली.

तरीही बाकं आणि मला न्यायला टेम्पो आलाच. सोबत शिक्षण खात्याचे एक साहेब होते. गावातल्या बाया वाट अडवून शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या.

"साहेब, आमी भांडाले नाही बसलो," चंदा म्हणाली. "तुमी लेकराइसंग त्या शाळेपर्यंत एक डाव पायी चालून पाहा. मंग फळा आमीच उचलून देतो."

साहेब खरंच गेले. पहिलीतल्या अंजूने त्यांचं बोट धरलं होतं. ते परतले तेव्हा अंजू त्यांच्या कडेवर होती. रस्ता ओलांडताना ट्रक अगदी जवळून गेला, असं मुलांनी सांगितलं. साहेब घोटभर पाणी प्यायले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "टेम्पो परत घे. वर काय सांगायचं ते मी सांगतो."

शाळा यंदापुरती वाचली आहे. परवा चंदा आणि तिच्यासोबत पायरीवर बसलेल्या रेवताबाईंनी कोळशाची पूड आणि माक्याचा पाला घासून मला पुन्हा काळंभोर केलं.

मित्रांनो, या माणसांचा मला फार अभिमान वाटतो. पण पट मोजायला पुढच्या वर्षीही कुणी येईलच. तुमच्याही घराजवळ अशी शाळा असेल, तर तिला टाळं लागायची वाट पाहू नका. आजच तिच्या वर्गात जाऊन बसा.