निळा तेवढा तरंगला

माईंनी आयुष्यात दारूच्या बाटलीला बोट लावलं नव्हतं, आणि यापुढेही लावणार नव्हत्या. तरीही लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घरात कॉकटेल व्हावं, हा हट्ट त्यांचाच होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, माईंचं डोकं फिरलं.

डोकं शाबूत होतं. कारण होत्या आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माईंचे यजमान अण्णा, त्यांच्या थोरल्या बहीण. माईंची सून एका मोठ्या हॉटेलच्या बारवर काम करायची. लोकांसमोर उभं राहून रंगीबेरंगी पेले भरायची आणि त्यात तिचा हात असा बसलेला होता, की लोक पिण्याआधी नुसते बघत राहायचे. पण आत्याबाईंना कुणी विचारलं, "भाच्याची बायको काय करते हो?" की त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "हॉटेलात असते." जणू हॉटेलात नाही, हॉस्पिटलात आहे आणि वाचायची आशा कमी आहे. एकदा तर सुनेच्या देखत म्हणाल्या, "ओतायचंच काम ना? ते काय, नळसुद्धा करतो."

सून हसली होती. पण रात्री ती जेवली नाही, हे माईंनी पाहिलं. माई भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा आवाज एवढा मऊ, की दूधवालासुद्धा दोनदा "काय म्हणालात?" विचारायचा. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "वाढदिवसाला तूच कर काहीतरी. सगळ्यांसमोर. वन्सं पहिल्या खुर्चीवर बसतील, असं बघते मी."

"घरात? माई, तुम्हाला चालेल?"

"माझा नेम माझ्यापाशी. तुझं काम तुझ्यापाशी. दोन्ही एका घरात राहतात की."

सूनबाईनं मग चार रंगांचा पेला ठरवला. तळाला डाळिंबाचा लाल पाक, त्यावर संत्र्याचा पिवळा, त्यावर पुदिन्याचा हिरवा, आणि सगळ्यात वर निळी रंगवलेली कडक दारू. चार पट्टे एकावर एक उभे, एकमेकांत न मिसळणारे. तीन पाक तिनं आदल्या दिवशी करून ठेवले. त्यांच्या तीन बाटल्या आणि निळी चौथी, अशा ओळीनं फ्रिजमध्ये लावून ती सकाळी हॉटेलात थोडा वेळ जाऊन यायला म्हणून निघून गेली.

आणि इथंच घोळ झाला.

अण्णांना साखरेचा आजार. माईंनी त्यांची साखर अशी ताब्यात ठेवली होती, की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, तुम्ही दवाखाना काढा. पण अण्णांची एक दुखरी जागा होती. आपल्यापुढे वेगळी वाटी आली, की त्यांचा चेहरा शाळेतून काढून टाकलेल्या मुलासारखा व्हायचा. नातवाच्या वाढदिवसाला त्यांच्यासाठी वेगळा केक आणला, तर ते पानावरून उठून गॅलरीत जाऊन बसले होते. आजही सकाळीच त्यांनी बजावलं, "माझ्याच लग्नाचा वाढदिवस आहे. सगळ्यांच्या हातात असेल तोच पेला मी घेणार. मला लिंबूपाणी देऊन कोपऱ्यात बसवलंस, तर मी त्या फोटोत येणार नाही."

"डॉक्टर एका छोट्या पेल्याला हो म्हणालेत. दारूची नाही, मला साखरेची भीती आहे."

"मग साखर काढ ना त्यातली!" अण्णा म्हणाले, आणि दाढी करायला गेले.

बोलून ते गेले, पण माईंच्या मनात ते राहिलं. सकाळच्या प्रार्थनेला बसल्या, की ती आटोपेपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. त्या शांततेत त्यांना ते सगळं अगदी सोपं वाटलं. बाटल्यांतले पाक त्यांनी एका मोठ्या पातेल्यात ओतले. अन्न टाकायचं नाही हा नियमच, म्हणून खाली जिन्याला रंग देणाऱ्या लोकांना गार पाण्यात कालवून पाजले. ती माणसं खूश. मग माईंनी पुन्हा डाळिंबं सोलली, संत्री पिळली, पुदिना वाटला, आणि साखरेच्या जागी त्या गोड गोळ्या घातल्या, ज्या अण्णांच्या चहात पडतात. सूनबाई रंगाला जे थेंब वापरायची, तेही घातले. रंग हुबेहूब आले. गोडी हुबेहूब. पाक जरा पातळ वाटला, पण माई म्हणाल्या, चांगलंच की, पचायला हलका. चौथ्या, निळ्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. तिला बाजूला सारायचं झालं, तेसुद्धा त्यांनी चिमट्यानं सारलं.

सुनेला सांगायचं होतं. पण ती परतली ती घाईत, आल्या आल्या टेबल मांडायला लागली. पाहुणे आले. माईंना वाटलं, सांगायचं ते काय? गोड ते गोडच आहे.

संध्याकाळी पुढची खोली भरली. आत्याबाई पहिल्या खुर्चीत, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. टेबलावर उंच पेले, चुरलेला बर्फ, लांब दांड्याचा चमचा. सूनबाईनं काळा अ‍ॅप्रन बांधला होता. तिच्या हालचाली अशा होत्या, की मुलंसुद्धा गप्प झाली. अण्णा नवा शर्ट घालून टेबलाच्या अगदी जवळ उभे होते, कुणी आपला पेला बदलू नये म्हणून पहारा देत.

लाल ओतला. मग चमचा पालथा धरून, त्याच्या पाठीवरून धार सोडत, पिवळा.

पिवळा राहिला नाही. सरळ खाली गेला आणि लालमध्ये विरघळला. पेला नारिंगी झाला.

सूनबाईनं हिरवा घेतला, आणखी हळू सोडला. तोही आत गेला. आता पेल्यात जो रंग झाला, त्याला नाव नव्हतं. शेवटी तिनं निळी सोडली आणि ती मात्र वर तरंगत राहिली, गढूळ पाण्यावर निळी टोपी घातल्यासारखी.

"हे कॉकटेल?" आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं, फरशी पुसलेलं पाणी आहे."

कुणीतरी फसकन हसलं. माईंच्या मुलानं बायकोकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"होतं असं कधीकधी," सूनबाई म्हणाली. "दुसरा करते."

दुसरा पेला. धार इतकी बारीक, की दिसते न दिसते. तोही गढूळ. तिनं पाक बोटावर घेऊन चाखला. गोड होता. तिच्या कपाळावर घाम आला. ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"अगं, दमली असशील," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मायेचा होता, म्हणूनच जास्त लागला. "रोज तिथे मोठी माणसं असतील करायला. तू आपलं पेले धूत असशील. त्यात लाज कसली?"

चमच्याची पाठ माई बघत होत्या. निळी तेवढी उभी राहते, आणि आपण हात लावलेले तिन्ही बुडतात. आता त्यांना कळलं. साखरेनं नुसती गोडी येत नसते, वजनही येतं. आपण पाकातलं वजनच काढून टाकलं.

"बाटल्यांना कुणी हात लावला होता का?" सूनबाईनं हळूच नवऱ्याला विचारलं.

"छे. कोण लावणार?" तो म्हणाला.

माईंना कुणी विचारलंच नाही. त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण बाटलीजवळ माई, ही गोष्ट त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नसती आली. गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. आत्याबाईंना जे बोलायचं ते त्या जन्मभर बोलत राहिल्या असत्या, आणि माईंचं काही गेलं नसतं. समोर पोर मात्र तिसरा पेला पुढे ओढत होती.

"थांब गं," माई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, कुणाला ऐकू गेला नाही. मग त्या उठून उभ्या राहिल्या. "थांबा सगळे!"

चाळीस वर्षांत अण्णांनी हा आवाज ऐकला नव्हता. ते दचकून भिंतीला टेकले.

"हिच्या हातात काही खोट नाही. खोट मी केली. पाक मी बदलले."

"तू?" आत्याबाईंची पर्स घसरली. "बाटल्या उघडल्यास तू?"

"पाकाच्या. निळीला नाही शिवले. वन्सं, तुमच्या भावाला साखर चालत नाही, आणि वेगळा पेला दिला तर ते रुसतात. म्हणून मी सगळ्यांचीच साखर काढली. सुनेला विचारलं नाही. तिचं काम नुसतं ओतायचं असतं, असं मलाही वाटलं असणार, नाहीतर विचारलं असतं."

सूनबाईनं चमचा खाली ठेवला. माईंना वाटलं, आता ही आत निघून जाईल, आणि गेली तरी तिचं चुकलं नसतं.

"मूळचे पाक कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"रंगाऱ्यांना पाजले."

"तिन्ही?"

"त्यांना फार आवडले," माई पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या.

आणि सूनबाईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. ती टेबलाला टेकली आणि हसतच म्हणाली, "माई, अहो, जिना खाली पट्ट्यापट्ट्यांचा रंगवतील आता ते! चला, साखर काढा. दळलेली लागेल, लगेच विरघळायला हवी. लालमध्ये भरपूर, पिवळ्यात त्याहून कमी, हिरव्यात चिमूट. मिक्सर कोण लावतं?"

मुलगा पुढे झाला, तर आत्याबाईंनी त्याला कोपरानं बाजूला केलं. "तू राहू दे, झाकण न लावता चालू करशील. द्या इकडे." स्वयंपाकघरातून मिक्सरची घरघर ऐकू यायला लागली आणि मधूनमधून आत्याबाईंची: "एवढी पुरे का गं? आणखी बारीक?" सूनबाई इकडून ओरडायची, "पिठासारखी, आत्या!" आत्याबाई परतल्या, त्या भुवयांपर्यंत पांढऱ्या.

पहिला पेला त्यांच्यासमोरच झाला. लाल बसला. पिवळा चमच्यावरून उतरला आणि लालवर थांबला, जणू मध्ये काच आहे. मग हिरवा, मग निळी. चार रेषा, कापून ठेवल्यासारख्या. आत्याबाई खाली वाकल्या, डोळा पेल्याला भिडवला, एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"हिरवा सगळ्यात वर घेता येईल? मला हिरवा आवडतो."

"नाही येणार, आत्या. निळीपेक्षा जड आहे तो. वर ठेवला, तरी आपल्या जागेवर जाऊन बसतो."

"हं," आत्याबाई म्हणाल्या. मग सरळ होत, "आमच्याकडे पुढच्या महिन्यात धाकट्याचा साखरपुडा आहे. तू येशील का? पाहुणी म्हणून नाही गं. हे टेबल घेऊन. आमच्याकडे नळ आहे, पण त्याला हे जमायचं नाही."

"सुट्टी काढावी लागेल," सूनबाई म्हणाली, आणि पुढच्या पेल्यात बर्फ घातला.

पेले भरत गेले, हातोहाती गेले. उरले अण्णा. ते हळूहळू गॅलरीच्या दिशेनं सरकायला लागले.

"अण्णा, कुठे निघालात?" सूनबाईनं हटकलं. "तुमचा राहिलाय. माईंचा बिनसाखरेचा पाक बाटल्यांच्या तळाशी राखून ठेवलाय, तो टाकायचा का?"

"पण तो मिसळतो ना?"

"साखरेनं जड करता येत नाही, तर दारूनं हलका करू. दारू पाण्याहून हलकी असते. खाली लाल नुसता. पिवळ्यात थोडी बिनरंगाची दारू, हिरव्यात त्याहून जास्त, वर निळी तशीच. वरून घातलेली साखर एक कणही नाही."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे साखर टाळायची तर दारू वाढवायची. माई, शास्त्रच आहे. माझा नाइलाज आहे."

"शास्त्र असू दे," माई म्हणाल्या. "पेला मी निवडणार." आणि त्यांनी कपाटातून असा पेला काढला, की त्यात अंगठा जेमतेम मावला असता.

"हा पेला आहे, की डोळ्यात औषध घालायचं भांडं?"

"चार रंग मावतील त्यात. सगळ्यांसारखे."

सूनबाईनं लाल बाटली माईंच्या हातात दिली. "तळ तुम्ही ओता."

"मी? मला नाही येणार."

"यात दारू नाही, तुम्हाला चालेल. फक्त कडेला शिंतोडा जाऊ देऊ नका. तळ स्वच्छ बसला, तरच वरचे उभे राहतात."

माईंनी पदर खोचला. श्वास रोखून त्यांनी धार सोडली. सगळी खोली बघत होती. लाल थेंब थेंब करत तळाशी बसला, कडा कोरडी राहिली. मग त्यांनी बाटली परत दिली आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. वरचे तीन थर सूनबाईनं लावले, एकेक, पेला एवढासा, म्हणून चमच्याऐवजी काडीवरून. निळी वर येऊन थांबली.

अण्णांनी तो पेला दोन बोटांत धरला आणि दिव्यासमोर नेला. लोकांनी आपापले पेले उंचावले. फोटो निघाला, त्यात अण्णा मधोमध होते. सगळ्यांनी पिऊन टाकलं. अण्णा अजून नुसते बघत होते.

"घ्या की आता," माई म्हणाल्या.

"थांब ना. प्यायलं की मिसळेल."