भिंतीकडची बाजू

टॉलेफसनांच्या जिमचं दार ओलांडलं की आई ही आई राहत नसे. हा नियम आर्डिस टॉलेफसननं स्वतःच घातला होता, मुलगी मारेन चार वर्षांची असताना. गाडीत, घरात, चर्चमध्ये ती मॉम. दाराच्या आत मात्र कोच, आणि तेही इतर पोरींइतक्याच अदबीनं. आज मारेन छत्तीस वर्षांची होती, त्याच जिममध्ये स्वतः कोच होती, तरी उंबऱ्यावर बुटांचा बर्फ झटकताना तिची जीभ आपोआप बदलायची. वडील लाइल तेवढा दोन्हीकडे डॅडच होता, कारण नियम करताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पोरींना जिम्नॅस्टिक्स शिकवायची ही जिम म्हणजे लार्च लेक गावाच्या टोकाचं चीजचं जुनं गोदाम. चीज जाऊन चाळीस वर्षं झाली, पण फेब्रुवारीत हीटर तापला की भिंती अजून आंबूस वास सोडायच्या. नव्या पोरींच्या आया नाकं मुरडत, महिनाभरात त्यांनाही वास येईनासा होई. दारासमोरच्या भिंतीवर राज्यपातळीवर जिंकलेल्या पाच पोरींचे फोटो होते. पाचही आर्डिसनं घडवलेल्या. ती स्वतः तरुणपणी विद्यापीठाच्या संघात होती, गुडघ्याची वाट लागेपर्यंत खेळली, आणि त्याच गुडघ्यावर उभी राहून तिनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना हवेत झेललं. बाईच्या हातांबद्दल गावात कुणाच्या मनात शंका नव्हती. मारेनच्याही नव्हती.

त्या हिवाळ्यात सगळ्यांचं लक्ष टिल्डा कोवाल्केवर होतं. अकरा वर्षांची, बाप दुधाचा टँकर चालवणारा, पोरगी अशी की पाय न लावता नुसत्या हातांवर दोर चढायची. सगळ्यांच्या आधी यायची आणि हाकलल्याशिवाय जायची नाही. तिला सगळं यायचं, एक गिरकी सोडून. उलटी कोलांटी घेता घेता हवेत स्वतःभोवती एक पूर्ण फेरा, एवढीच ती गोष्ट. पण तिच्याशिवाय पुढच्या पातळीचं दार उघडत नाही.

गिरकी शिकवायची ती ट्रॅम्पोलिनवर, स्प्रिंगांवर ताणलेल्या उसळत्या जाळीवर. ट्रॅम्पोलिन होतं पश्चिमेच्या भिंतीला खेटून, पाय फरशीत बोल्टनं आवळलेले. पोरगी वर उभी राहिली की तिच्या उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला आर्डिस. "माझ्याकडे वळ," आर्डिस म्हणायची. चाळीस वर्षं तिनं हेच दोन शब्द म्हटले होते आणि पोरी तिच्याकडे वळत आल्या होत्या. टिल्डा ऑक्टोबरपासून प्रयत्न करत होती. उडी सुरेख उठायची, आणि मग अर्ध्यावर तिचं अंग जणू रस्ता विसरायचं. हातपाय पसरायचे, ती कुशीवर आपटायची. दोनदा तर मानेवर येता येता राहिली.

मंगळवारी आर्डिसनं निकाल लावला. शनिवारी संघाची यादी लागणार होती, आणि टिल्डाचं नाव ती मंगळवारच्या वर्गात टाकणार होती. मंगळवारचा वर्ग म्हणजे हौशी पोरांचा. आयांना तासभर बाजारहाट करता यावा म्हणून भरवलेला. तिथे गेलेलं पोर संघात परत आल्याचं मारेनला तरी आठवत नव्हतं.

मारेननं टिल्डासाठी आणखी एक महिना मागून पाहिला. आर्डिस पकड सुटू नये म्हणून हाताला लावायची पांढरी भुकटी चोळत होती. तिनं मान वर केली नाही.

"पोरीत ताकद आहे. डोकं आड येतं तिचं," ती म्हणाली. "तुला तरी हे सांगायला लागू नये."

मारेनला ते बरोबर लागलं, जिथे लागायला हवं होतं तिथे. एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून खेळताना तीसुद्धा गिरकीतच पडली होती. सहा आठवडे मानेला पट्टा. आर्डिस पाच तास गाडी चालवून तिला न्यायला आली, वाटेत सूप पाजलं, उशी मानेखाली नीट लावली, आणि घराजवळच्या वळणावर म्हणाली, "डोकं आड आलं तुझं." रागानं नव्हे, डॉक्टर हाड कुठलं मोडलंय ते सांगतो, तसं. मारेन पुन्हा खेळली नाही. आपण भित्र्या आहोत हे तिनं मान्य करून टाकलं आणि त्या मान्यतेवर आयुष्य उभं केलं. कोच झाली, चांगली झाली. गिरकी मात्र कधी शिकवली नाही. गिरकीची वेळ आली की पोरगी आईकडे सोपवायची.

बुधवारी सराव संपल्यावर पोरी स्पंजच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात धुडगूस घालत होत्या. काठावरून वेड्यावाकड्या उड्या टाकायच्या आणि सगळ्यात विचित्र कोण पडतं ते बघायचं, असा खेळ. टिल्डाच्या तोंडात चीजचा तुकडा होता. तिच्या पाठीमागून कुणीतरी हाक मारली, तिनं उडी टाकता टाकता वळून बघितलं, आणि हवेत पूर्ण फेरा घेऊन ती स्पंजात पडली. गिरकीच ती. मऊ, सहज, लोणी सुरीवरून सुटावं तशी. आणि उजवीकडे.

मारेनच्या हातातली पाण्याची बाटली हातातच राहिली. तिनं टिल्डाला तेच पुन्हा करायला सांगितलं. कोच बघतेय म्हटल्यावर पोरगी शहाणी झाली, ताठ उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे डावीकडे वळायला गेली आणि कुशीवर पडली.

काही माणसं डावखुरी असतात तशी काही उजवीकडे वळणारी असतात. कुठलाही कोच हे जाणतो, आर्डिसही जाणत होती. कुठल्याही जिममध्ये पोरगी पहिल्यांदा आली की तिला डोळे मिटून उडी मारायला लावतात आणि अंग कुठे वळतं ते पाहतात. टॉलेफसनांकडे कधी पाहिलं गेलं नाही, कारण पाहून उपयोग काय? उजवीकडे भिंत होती. तिथे कोचला उभं राहायला वीतभर जागा नव्हती. आणि पोरीला तोंड फिरवून उभं करावं तर उलट्या कोलांटीत पाठीमागे कोपऱ्याची भिंत यायची.

गुरुवारी दुपारी जिम रिकामी होती. लाइल ट्रॅम्पोलिनखाली उताणा पडून स्प्रिंगांना तेल देत होता. मारेननं त्याला विचारलं, हे मुळात भिंतीला का लावलं. लाइलनं विचार केला. त्याला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला एका स्प्रिंगइतका वेळ लागायचा.

"मधोमध गटार होतं ना," तो खालूनच म्हणाला. "चीजवाल्यांचं, फरशी धुवायला. त्यावर पाय समतल बसेनात."

"गटार कुठंय?"

"बुजवलं की. तू पहिलीत होतीस तेव्हा." आणखी एक स्प्रिंग झाली. "तोवर तुझ्या आईला सवय झाली होती."

मारेन खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. मोजे काढले. सतरा वर्षं आणि वीस पौंड वजन मध्ये गेलं होतं. तिनं डोळे मिटले, कुठल्या बाजूला वळायचं ते मुद्दाम ठरवलं नाही, आणि उडी टाकली. स्पंजातून डोकं बाहेर काढलं तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे होतं. खिडकी उजवीकडे. ती पुन्हा चढली, पुन्हा उडी टाकली. सात वेळा. सातही वेळा खिडकी. खेळत होती तोवर मात्र ती आईकडे, डावीकडेच वळत आली होती.

मग ती तिथेच स्पंजात बसून रडली. आनंदानं रडतेय की संतापानं, हे तिला स्वतःला कळेना. लाइलनं ट्रॅम्पोलिनखालून पाय हलवले, पण तो बाहेर आला नाही. त्याच्यापरीनं ती माया होती. मारेनच्या मनात एकेक नाव येत होतं: डेअरीवाल्यांची कॉरिन, जुळ्यांपैकी धाकटी, ती लाल केसांची. सगळ्या अकरा-बारा वर्षांच्या, सगळ्या गिरकीला अडलेल्या, सगळ्यांचं डोकं आड आलेलं. त्यांचे फोटो भिंतीवर नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी दोघी मायलेकी नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला निघाल्या, लाइल आधीच तिथे टेबल अडवून बसलेला. गाडीत आर्डिस मॉम होती, म्हणजे बोलणं सोपं जायला हवं होतं. उलट झालं. मारेननं सगळं सांगितलं, टिल्डाचं, गटाराचं, सात उड्यांचं. आर्डिस समोरचा रस्ता बघत राहिली.

"त्या भिंतीपाशी पाच जणी राज्यात पहिल्या आल्यात," ती शेवटी म्हणाली.

"त्या डावीकडच्या होत्या, मॉम. बाकीच्यांना आपण घालवलं."

"आणि तुला हे सतरा वर्षांनी सापडलं. फार सोयीचं सापडलं."

मारेन मागे हटली नाही. "हो, मला हवंच होतं असं काहीतरी. तरी ते खरं आहे. माझं राहू दे. टिल्डाला उद्या मंगळवारच्या वर्गात टाकू नकोस."

आर्डिसनं रेडिओ मोठा केला. जेवताना तिनं माशाचा एकेक काटा काढून ताटाच्या कडेला रचून ठेवला आणि लाइलशी फक्त बर्फाबद्दल बोलली. मारेनला वाटलं, संपलं. जी बाई गुडघ्याचं ऐकत नाही ती माझं काय ऐकणार?

शनिवारी सकाळी ती जिमवर पोचली तेव्हा फलकावर यादी नव्हती. लाइल बाकावर पाना मांडीवर घेऊन बसला होता आणि पहाटे साडेपाचला उठवलेल्या माणसाचा चेहरा त्याच्यावर होता. पश्चिमेच्या भिंतीचा आंबूस वासाचा पट्टा उघडा पडला होता, खाली फरशीत बोल्टची चार भोकं. ट्रॅम्पोलिन खोलीच्या मधोमध होतं, बुजवलेल्या गटारावर. लाइलच्या शेजारी टिल्डा बसली होती, अंगात कोट, पायांत बर्फाचे बूट. यादी बघायला ती एक तास आधी आली होती आणि आता श्वास रोखून समोर बघत होती.

आर्डिस ट्रॅम्पोलिनच्या उजव्या बाजूला उभी होती. चाळीस वर्षांत ती त्या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. दोन्ही हात वर करून ती हवेत काहीतरी झेलत होती, थांबत होती, हात बदलून पुन्हा झेलत होती. एवढी जाणती बाई, आणि पहिल्या दिवशीच्या पोरीसारखी चुकत होती.

"या बाजूनं कुठला हात आधी जातो?" तिनं विचारलं. मारेनच्या आठवणीत आईनं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मला नाही माहीत, कोच. मी कधी केलं नाही."

"मीही नाही. आणि जे हात मला ठाऊक नाहीत त्यांत मी दुसऱ्याची पोर देणार नाही." आर्डिसनं ट्रॅम्पोलिनच्या काठावर थाप मारली. "आपलीच लागेल. चढ."

मारेन चढली. पूर्ण गिरकीचा प्रश्नच नव्हता. अर्धी, आणि तीही आधी सरळ उडीत, मग कोलांटीत. पहिल्या कोलांटीत आर्डिसचे हात एकमेकांत अडकले आणि मारेनचं कोपर तिच्या हनुवटीला लागलं. टिल्डा हसली आणि लगेच तोंड दाबून बसली. दुसऱ्या वेळी हात उशिरा आले. तिसऱ्या वेळी वेळेवर आले, पण इतके घट्ट की मारेनला वळताच येईना. त्या पकडीवरून तिला तेव्हा कळलं. मुलगी पडेल याची भीती त्या हातांत सतरा वर्षं होती आणि तिनं एकदाही ती दिसू दिली नव्हती.

"मॉम," मारेन म्हणाली, "हात काढ."

दाराच्या आत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. लाइलनं पाना खाली ठेवला. आर्डिस एक पाऊल मागे सरली, हात मात्र तसेच वर ठेवले.

मारेननं तीनदा उसळी घेतली आणि गेली. वर पोचल्यावर तिला ती जुनी जागा आठवली, जिथे नेहमी सगळं अंधारून यायचं. तिथे आज काही नव्हतं. खिडकी आली, गेली, पाय जाळीवर टेकले. अर्धीच गिरकी, शाळकरी पोरींची, पण सरळ आणि स्वच्छ.

आर्डिस जवळ आली. झेलायचं काही उरलं नव्हतं, तरी तिनं मारेनच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

"ती भीती नव्हती," ती म्हणाली. मग आणखी हळू, "मी तुला चुकीचं सांगितलं."

मारेननं आईच्या हनुवटीवर उठलेला लाल डाग पुसल्यासारखा केला.

आर्डिसनं नाक ओढलं, हातांवर नवी भुकटी घेतली आणि बाकाकडे वळली. अर्ध्या गिरकीपासून सगळं नव्यानं सुरू करावं लागेल, वर्ष जाईल, रडू येईल, हे तिनं टिल्डाला एका दमात सांगून टाकलं. टिल्डा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.

"मग बसलीस काय," आर्डिस म्हणाली. "बूट काढ."