गिळलेलं ‘नाही’

शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, तरी वर्तमानपत्र हातात आलं की बाई अजून मोठ्यानेच वाचतात. नवरा म्हणतो, “अगं, मलाही डोळे आहेत.” बाई हसतात आणि वाचत राहतात. ही सवय छापखान्यातली.

लग्नाआधी त्या तिथे वाचक म्हणून लागल्या होत्या. त्यांनी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि समोर बसलेल्या मुद्रितशोधकाने छापील कागदावरच्या चुका टिपायच्या. त्या मुद्रितशोधकांना सगळे अण्णा म्हणत. शेजारच्या खोलीत यंत्रं धडधडत असायची, म्हणून बाई घसा फोडून वाचायच्या, तेही गाडी चुकेल अशा घाईने.

“आवाज मोठा नको, शब्द अख्खा हवा,” अण्णा म्हणायचे. “वाक्य संपायच्या आधी तुझा श्वास संपतो.”

बाईंना राग यायचा. महिनाभर त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मग एक औषधाचं माहितीपत्रक आलं. ‘लहान मुलांना देणे योग्य नाही’ यातलं ‘नाही’ अक्षरं जुळवतानाच गळलं होतं. बाईंनी मूळ मजकूर वाचताना नेमकं तेच गिळलं आणि अण्णांना चूक कळली नाही. गठ्ठे बाहेर जाण्याआधी मालकांनी पाहिलं म्हणून निभावलं, पण सगळी छपाई रद्द झाली. मालकांनी जाब विचारला तेव्हा अण्णा म्हणाले, “माझी नजर चुकली.”

संध्याकाळी बाई त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“अण्णा, चूक माझी होती.”

“ठाऊक आहे.”

“मग मालकांना सांगितलं का नाहीत?”

“त्यांना सांगून तुझं वाचन सुधारलं असतं?”

“मग मला सांगा. रोज सांगा.”

तेव्हापासून काम सुटलं की दहा मिनिटं वाचन. अण्णा डोळे मिटून ऐकायचे, शब्द पडला की पेन्सिल टेबलावर आपटायचे. पहिल्या दिवशी पेन्सिलीला उसंत नव्हती. हळूहळू बाई स्वल्पविरामाला श्वास घ्यायला शिकल्या, वाक्याचं शेवटचं टोक हातचं सोडेनाशा झाल्या.

एकदा अख्खं पान संपलं, तरी पेन्सिल वाजली नाही. बाईंनी वर पाहिलं.

“अण्णा, झोप लागली का?”

“नाही गं,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “ऐकण्यात गुंगलो. चुका शोधायचंच विसरलो.”

पुढे शाळेत शिकवताना बाईंचा आवाज न चढवताही मागच्या बाकापर्यंत पोचायचा. कुठे शिकलात असं कुणी विचारलं, की त्या छापखान्याचा पत्ता सांगत. तिथे आता चपलांचं दुकान आहे.