खोक्यावरचं बोलणं

तंबूंच्या दोऱ्या चुकवत लिफ्टमन दर दोन पावलांनी टाचा उंचावून बघत होता. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं उरली होती आणि चौकात धरणं धरून बसलेल्या शे-दीडशे डोक्यांत त्याच्या लेकीचं डोकं काही सापडत नव्हतं. एका तंबूला पुठ्ठ्याची पाटी लटकत होती: 'तुमचं उरतं, आमचं पुरत नाही.' अक्षर लेकीचंच. म्हणजे होती ती इथेच कुठेतरी.

सकाळी लिफ्टमध्ये, आरशात टाय सारखा करता करता मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "तुमची मुलगी आमच्याच दाराशी बसून आमच्याच नावाने ओरडते. दुपारपर्यंत तिला घरी न्या. नाहीतर उद्यापासून तुम्हीही घरीच."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सव्वीस वर्षं माणसं वर पोहोचवून तो स्वतः रोज संध्याकाळी तळमजल्यालाच उतरत आला होता, आणि त्याबद्दल त्याने कधी ब्रही काढला नव्हता. तीन दिवस फोनवर लेकीची समजूत घालून तो थकला होता. आज तिला हाताला धरून न्यायचंच, असं ठरवून तो आला होता.

चौकाच्या मधोमध एक लाकडी खोकं पालथं घातलेलं होतं. वरून नीट दिसेल म्हणून तो त्यावर चढला. सगळा चौक एकदम गप्प झाला.

"छकुले!" त्याने हाक मारली.

"छकुले!" शे-दीडशे माणसं म्हणाली.

तो पडायचाच राहिला. चौकात लाउडस्पीकरला बंदी होती, म्हणून इथे एक रीत पडली होती. खोक्यावरचा माणूस बोलेल ते सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे शेवटच्या तंबूपर्यंत पोहोचतं. हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटलं, आपली टिंगल चाललीय. पण एकही चेहरा हसत नव्हता.

"घरी चल."

"घरी चल!"

"तुझ्या आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही."

हेही लोकांनी इमानेइतबारे म्हटलं. इतक्या तोंडून ऐकल्यावर ते त्याचं त्यालाच धडधडीत खोटं वाटलं. आईने सकाळी पोटभर खाऊन लेकीसाठी स्वेटर दिला होता, ती पिशवी त्याच्या हातातच होती. त्याने या पायावरचा भार त्या पायावर घेतला, घड्याळ बघितलं आणि जे सांगायचं नव्हतं तेच बोलून गेला.

"तू उठली नाहीस तर साहेब मला काढतील."

"तू उठली नाहीस तर साहेब मला काढतील!"

आवाज समोरच्या, तो लिफ्ट चालवायचा त्याच इमारतीवर जाऊन आदळला. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. लिफ्टमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली गोष्ट त्याने अक्षरशः चव्हाट्यावर मांडली होती. तो घाईघाईने खाली उतरला.

गर्दीतून लेक आली. काखेत अंथरुणाची वळकटी.

"चला बाबा."

"रागावलीस?"

"नाही. तुमची नोकरी जाईल ना."

इतक्या मुकाट्याने तिने आयुष्यात कधी काही ऐकलं नव्हतं. लहानपणी दुधाच्या पेल्यावरूनही तासभर वाद घालायची. आता ती जमिनीकडे बघत उभी होती. लिफ्टमध्ये साहेब शिरले की तो असाच उभा राहायचा. तिला तसं उभं राहिलेलं त्याला बघवेना.

त्याने वर पाहिलं. खिडकीत साहेब होते. त्यांनी खूश होऊन मान डोलावली आणि बोटांनी खूण केली, न्या तिला लवकर.

"वळकटी खाली ठेव," तो म्हणाला.

"बाबा, तुमची सुट्टी संपेल."

"संपू दे. साहेबांनी अर्धंच ऐकलंय." त्याने एक पाय खोक्यावर ठेवला. "हात दे जरा. मघाशी चढताना गुडघा दुखला."