आबांच्या दारातला बोर्ड

भावकूआबांचा उजवा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्यावर कापला, आणि पुढं सरकारी शिबिरात त्यांना हातानं पायडल मारायची तीनचाकी सायकल मिळाली. सायकल झकास होती. फक्त सीमाभागातल्या अनगोळच्या त्यांच्या घरात ती शिरत नव्हती. दारात तर शेजारच्या यल्लाप्पाची बैलगाडी उभी असायची, बापजाद्यांपासून. म्हणून तीनचाकी गल्लीच्या टोकाला देवळामागं राहायची आणि आबा कुबड्या टेकत तिथवर जायचे. दोनदा गटारात पडले. दुसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

शेवटी दारातली जागा मागायचं ठरलं. कचेरीतला कारकून म्हणाला, अर्ज कन्नडमध्ये आणा.

"गुंडू, लिव्हतोस काय रं?" आबांनी पोराला विचारलं.

"मला कुठं येतंय, आबा?"

हे खरं होतं. गुंडू कन्नड फाडफाड बोलायचा, पण लिहाय-वाचायला तत्त्व म्हणून शिकला नव्हता. गल्लीतल्या मराठी तरुण मंडळाचा तो कार्यकर्ता होता. शिवाय अर्जात आपल्या आडनावाशेजारी 'अपंग' असं येणार, याची त्याला लाज वाटायची. पण ती लाज तत्त्वाखाली झाकून ठेवता येत होती.

अर्ज यल्लाप्पानं लिहिला. स्वतःचीच गाडी हलवावी म्हणून त्यानं सुरेख कन्नडमध्ये पानभर विनंती केली, आणि 'सदर बैलगाडीमुळे फार त्रास होतो' हे वाक्य पदरचं घातलं.

"भावजी, तुमी नुसती गाडी काढली असती तरी झालं असतं की," गुंडूची आई नागुबाई म्हणाली.

"मी काढीन, वैनी. उद्या दुसरा कोन तरी लावंल. राखीव जागा म्हणून सरकारी बोर्डच पायजे."

कचेरी अर्जाला उत्तर देईल, अशी शंका कुणालाच आली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

मग एका संध्याकाळी गल्लीची लाईट गेली, आणि मंडळ डांबराचा डबा घेऊन कन्नड बोर्ड काळे करायला निघालं. अध्यक्ष मष्णूच्या हातात बॅटरी, गुंडूच्या हातात ब्रश. गोल अक्षर दिसलं की गुंडूचा हात आपोआप उठायचा. फिरत फिरत ते गुंडूच्याच दारात आले. भिंतीवर कोरा करकरीत कन्नड बोर्ड.

"माझ्या भिंतीवर?" गुंडू म्हणाला. बैलगाडी जाग्यावर नव्हती, त्यामुळं स्टूल ठेवायला उलट सोयच झाली. त्यानं दोन हात मारले. मष्णूनं पाठ थोपटली.

डांबरानं भरलेले हात पाठीमागं धरून तो घरात गेला. कंदिलाजवळ आबा नवी टोपी डोक्यावर घालून बघत होते.

"दुपारी कचेरीची मानसं येऊन बोर्ड ठोकून गेली. उद्या बाजारला जातो. बघितलास न्हवं?"

"बघितला," गुंडू म्हणाला.

सकाळी मोकळ्या जागेत मष्णूची मोटरसायकल उभी होती. गाडी गेलेली, बोर्ड काळा, त्यानं लावली. आबा टोपी घालून उंबऱ्यावर बसलेले. यल्लाप्पानं देवळामागून आणलेली तीनचाकी गल्लीच्या मधोमध अडकलेली.

"कुनाची पोरं असतील ती," आबा यल्लाप्पाला म्हणाले. "त्यास्नी काय ठावं." मग त्यांनी नाक वर केलं. "गुंडू, रॉकेलचा वास कसला रं?"

"स्टो भरत हुतो."

घरात स्टो नव्हता.

गुंडूनं स्टूल बाहेर आणलं, रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि भर उन्हात बोर्ड पुसायला लागला. डांबर निघालं. डांबराबरोबर अक्षरंही निघाली. राहिला नुसता पांढरा पत्रा.

यल्लाप्पानं खडूनं खाली भिंतीवर ती अक्षरं काढून दिली. घरात रंग नव्हता. डांबर होतं. कालच्याच ब्रशनं गुंडू एकेक अक्षर उतरवू लागला.

"त्याला वर आकडी पायजे," यल्लाप्पा खालून सांगत होता. "आनि जरा गोल काढ. एवढा राग कशाला त्याच्यावर?"

गल्ली गोळा झाली. कालची पोरं लांब उभी राहून बघत होती. मष्णू आला.

"काय करालायस रं, गुंडू?"

"लिव्हालोय."

"काय लिव्हलंयस?"

गुंडूला ते वाचता येत नव्हतं. "गाडी काढ म्हणून लिव्हलंय," तो म्हणाला.

मष्णूनं बोर्डाकडं, मग उंबऱ्यावरच्या टोपीकडं बघितलं. मोटरसायकल चालू न करताच त्यानं ती ढकलत नेली. यल्लाप्पानं तीनचाकी दारात आणून लावली. आबा कुबडीवर उठले, दोन ढांगांत सायकलीत जाऊन बसले आणि मान वर करून बोर्ड बघू लागले.

"अक्षर चांगलं हाय की रं तुझं," ते म्हणाले. "अर्ज बी लिव्हाय आला असता."

शेवटचं अक्षर केव्हाच पुरं झालं होतं. गुंडू तेच परत परत गिरवत राहिला. खाली उतरलं की आबांच्या तोंडासमोर उभं राहावं लागणार होतं.