शेषेरावांचं खाकरणं

शेषेराव घरात शिरताना खाकरायचे, आणि तेही अगदी बेतानं. एकदा ओसरीच्या पायरीवर, एकदा माजघराच्या उंबऱ्यावर. आत बायका असतात, त्यांना उठायला, पदर सावरायला सवड मिळावी, माणसानं आपल्याच घरात चोरपावलांनी शिरू नये, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. चाकूरच्या पलीकडल्या त्या गावात अशी रीत पाळणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि त्यात आपण एक, याचा शेषेरावांना कोण अभिमान. सुनेच्या तोंडाकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या ओळखीचे झाले होते ते फक्त अयोध्याचे पाय. तिला काही सांगायचं तर ते भिंतीला सांगायचे, नाहीतर बायकोला.

पण म्हणून त्यांना कुणी जुनाट म्हणू नये. अयोध्या माहेरची हदगावकडची, बारावी झालेली. लग्न झालं आणि पुस्तकं पेटीत गेली. मग एके दिवशी कस्तुराबाईंनी नवऱ्याला जेवण वाढता वाढता हळूच विषय काढला.

"अयोध्या म्हणायली, घरी बसून बी.ए. करू का? हल्ली समदं मोबाइलवर शिकवतेत म्हणं."

"मग करू दे की. विचारायचं काय त्याच्यात?" शेषेराव म्हणाले.

त्या दिवसापासून मारुतीच्या पारावर दुसरा विषय नव्हता. सुनेचे तास लॅपटॉपवर कसे चालतात, लातूरचे मास्तर तिला घरबसल्या कसं शिकवतात, हे ऐकून ऐकून पारावरची माणसं बेजार झाली. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांनी मुलींच्या शिक्षणावर भाषणसुद्धा ठोकलं. अयोध्याही कमी नव्हती. स्वयंपाक, धारा, पोराची शाळा उरकून तिनं दोन वर्षं चांगल्या मार्कांनी काढली. तिसऱ्या वर्षी बी.एड.ची प्रवेश परीक्षाही पास झाली. आता फक्त बी.ए.चा शेवटचा निकाल लागायचा होता. तो महिनाअखेरपर्यंत कॉलेजात दाखवला की लातूरला बी.एड.ची जागा पक्की, नाहीतर वर्ष हुकलं. पुढच्या वर्षापर्यंत धाकट्या नणंदेचं लग्न होऊन घरातलं काम दुप्पट होणार आणि शिकायचं नाव कोण काढणार, हे तिलाही ठाऊक होतं.

शेवटचा पेपर घरूनच द्यायचा होता. रेंज फक्त माजघराच्या खिडकीत यायची, म्हणून टेबल तिथं मांडलं. समोर कॅमेरा. एकेक प्रश्न येणार, त्याला ठरलेला वेळ, खाली चार पर्याय, आणि एकदा पुढं गेलं की मागं येता येत नाही. मुलगा भागवत, अयोध्याचा नवरा, अहमदपूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. त्यानं सगळं जोडून दिलं आणि तो कामावर गेला. राखणीचं काम शेषेरावांनी आपणहून अंगावर घेतलं. पेपरच्या दिवशी सकाळपासून ते ओसरीवर बाज टाकून बसले. दळण घेऊन आलेल्या बाईला हाकललं, भावकीतल्या एकाला दारातूनच वाटेला लावलं. कुत्र्यालाही भुंकू दिलं नाही. आणि मधूनमधून, आत सगळं ठीक आहे ना हे बघायला, खाकरून माजघरात डोकावून आले.

इतकं करून निकालाच्या दिवशी मोबाइलवर काय आलं, तर निकाल राखून ठेवला आहे. परीक्षेत गैरप्रकाराचा संशय. उमेदवाराने कुटुंबातील व्यक्तीसह लातूरच्या कार्यालयात हजर राहावे.

शेषेरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांच्या घरात गैरप्रकार? भागवतला फोन लावला. त्यानं लातुरात कुणाकडून तरी माहिती काढली आणि संध्याकाळी सांगितलं, तेव्हा तर त्यांचा कानांवर विश्वास बसेना.

"आप्पा, ते म्हणतेत, बाहीरून कुणीतरी खाकरून उत्तरं सांगायलंय."

"कोण खाकरायलंय?"

फोनवर भागवतनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आप्पा, तुमीच की."

आयुष्यभर ज्या गोष्टीनं अब्रू राखली, ती चोरीची खूण ठरली होती. शेषेराव मटकन बाजेवर बसले. त्यांना संताप आला आणि तो नेमका कुणाचा, हे कळेना. भागवतनं तोडगा काढूनच ठेवला होता. "दमा हाय म्हणून सांगा. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो मी. दम्याचं माणूस खोकतंच की, त्यात काय गुन्हा हाय?" शेषेरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, पण सुनेच्या वर्षाचा प्रश्न होता. ते बरं म्हणाले.

लातूरच्या कार्यालयात बिराजदार मॅडम म्हणून अधिकारी होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी आधी अयोध्याला एकटीला आत बोलावलं. शेषेराव बाहेर बाकावर दम्याचं सर्टिफिकेट खिशात चाचपत बसले. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग यांना बोलावणं आलं.

"बसा काका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या सुनेनं गुन्हा कबूल केलाय."

"कंचा गुन्हा?"

"तेच मी विचारत होते. बाहेर कोण होतं, तर म्हणे घरातलं मोठं माणूस. कशासाठी खाकरत होतं, तर गप्प. नाव सांगा म्हटलं, तर नाव घेईनात. शेवटी म्हणाल्या, माझीच चूक आहे, काय लिहायचं ते लिहा, मी सही करते. सही केली तर दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही, हे सांगितलं. तरी करते म्हणाल्या. मीच अजून घेतली नाही."

"ती कशाला सही करायली? तिनं काय केलंय?" शेषेरावांचा आवाज चढला. "मॅडम, मला दमा हाय. हे बगा डॉक्टरचं."

मॅडमनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. कोपऱ्यात मन्मथ नावाचा ऑपरेटर बसला होता, त्याला म्हणाल्या, "लाव रे ते."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक बाई दिसली. कुणाची बाई ही, असं शेषेरावांच्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर सर्रकन काटा आला. मागं त्यांच्या माजघरातली मांडणी होती, तिच्यावर त्यांचे स्वतःचे पितळी तांबे होते. ही अयोध्या होती. गोल चेहऱ्याची, रुंद कपाळाची, भुवया जुळलेली. त्यांनी घाईघाईनं मान खाली घातली.

"वर बघा काका. त्यासाठीच बोलावलंय."

त्यांनी पाहिलं. ती प्रश्न पुटपुटत वाचत होती. बांगडीनं कान खाजवत होती. एखादं उत्तर आलं की स्वतःशीच हसायची, ओठ मुडपून, आणि बटण दाबायची. इतकी मजेत ही मुलगी असू शकते, हे शेषेरावांना माहीतच नव्हतं. त्यांच्या घरात त्यांनी तिचं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यातून खाकरल्याचा आवाज आला.

चेहऱ्यावरचं सगळं एकदम पुसलं गेलं. ती ताडकन उठली. पडद्यावर फक्त हिरव्या लुगड्याची कंबर उरली, मग तीही भिंतीकडे वळली. आणि शेषेरावांना स्वतःचा आवाज ऐकू आला, मायेनं ओथंबलेला, "चालू द्या, चालू द्या. पंखा वाढवू का?" उत्तर नाही. "पानी ठिवू का जवळ?" पुन्हा उत्तर नाही. कोपऱ्यातला वेळेचा आकडा उतरत होता. ते काही लवकर हलले नव्हते. मांडणीवरची तपकिरीची डबी शोधली होती, खिडकीतून येणाऱ्या उन्हाबद्दल दोन शब्द बोलले होते. मग पावलं दूर गेली. ती धपकन खाली बसली, प्रश्न न वाचताच कुठलंतरी बटण दाबलं आणि पुढं गेली. कपाळाला घाम आला होता. आता ती हसत नव्हती. आता ती मधेमधे दाराकडे बघत होती.

पुन्हा खाकरणं. पुन्हा कंबर. पुन्हा "चालू द्या."

"हे असं पेपर संपेपर्यंत आहे," मॅडम म्हणाल्या. "आवाज येतो, त्या उठतात, बसतात आणि लगेच उत्तर देतात. कुणालाही खूणच वाटणार. आता दम्याचं सांगा."

आपण खाकरलो की बायका उठतात, यात शेषेरावांना कधी काही दिसलंच नव्हतं. दिवा लावला की उजेड पडतो, इतकं ते साधं होतं. खाली मान घालून बोलत असताना समोर तिचे पाय होते, उभे होते, हेही त्यांनी पाहिलं होतं. पाय उभे आहेत म्हणजे माणूस लिहीत नाही, एवढी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती.

"दमा न्हाई मला," ते म्हणाले. "खोटं हाय ते."

"मग?"

"ती उठावी म्हणून खाकरतो मी." हे वाक्य स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेलं ऐकून त्यांना धक्काच बसला. आजवर ते सवड मिळावी म्हणून खाकरत होते. "म्हंजे, आमच्याकडं रीत हाय. मोठं माणूस यायलंय हे कळावं. बाया उठतेत, तोंड फिरवतेत. मी राखण करायलो होतो, मॅडम. कुणी तिला तरास देऊ नये म्हणून."

मन्मथ खाली बघून हसू दाबत होता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं, बराच वेळ वरखाली केलं.

"काका, तुम्ही खाकरल्यानंतर दिलेलं जवळजवळ प्रत्येक उत्तर चुकलंय. बाकीची बरोबर आहेत. कॉपी करणारं माणूस इतकं चुकत नाही." त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. "खरं सांगताय तुम्ही. पण तुम्ही गप घरी बसला असता ना, तर ही मुलगी पहिल्या वर्गात पास होती."

शेषेरावांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मॅडमच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. त्यांना पारावरची भाषणं आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी कस्तुराबाईंना हे दिसत असणार, त्याही तशाच उठून उभ्या राहत असणार आणि एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. कुणीच बोललं नव्हतं. अयोध्या तर दोन वर्षं घालवायला निघाली होती, पण सासऱ्याचं नाव कागदावर येऊ देत नव्हती.

"मॅडम, माझं काय बी लिहा. पर तिला एक वार बसू द्या. लई हुशार हाय ती." हुशार आहे हे ते पारावर नेहमी सांगत, पण ती हुशार कशी दिसते, हे त्यांनी आत्ता पाहिलं होतं.

मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलल्या. शेवटी ठरलं. पुढच्या गुरुवारी सगळा पेपर परत, घरूनच. निकाल दोन दिवसांत, म्हणजे बी.एड.ची तारीख गाठता येईल. फक्त एक अट.

"पेपरच्या दिवशी तुम्ही त्या घरात असायचं नाही. ओसरीवर नाही, अंगणात नाही. तसं लिहून द्या."

स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात आपण राहणार नाही, असं शेषेरावांनी लिहून दिलं. सही करताना बरंही वाटलं. काहीतरी भरून देता येत होतं. बाहेर जाऊन सुनेला ही बातमी सांगायची, या विचारानं तर त्यांना थोडा धीर आला. तिचं वर्ष वाचलं होतं, आणि ते आपण खरं बोललो म्हणून.

अयोध्या व्हरांड्यात तशीच उभी होती. शेषेराव तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबले आणि सवयीनं फरशीकडे बघत बोलू लागले.

"झालं काम. गुन्हा काढून टाकलाय. गुरुवारी पेपर परत हाय, घरीच."

तिचे पाय जागचे हलले नाहीत. रडत असेल, असं त्यांना वाटलं.

"आन् एक अट घातलीय मॅडमनी. त्या दिवशी म्या घरात ऱ्हायचं न्हाई. लिहून देऊन आलो. माहूरला जाऊन येतो म्हणलं, रेणुकामाईला."

"तुमी घरात नसणार, मामा?"

"न्हाई."

"सकाळपासून?"

"हाव. पहाटंच्या गाडीनं जातो."

"आन् येणार कवा?" तिचा आवाज हलकाच वर गेला. "दिवसभर न्हाई येणार?"

त्या आवाजात असं काहीतरी होतं की शेषेरावांची मान आपोआप वर झाली. पडद्यावर पाहिलेला तोच चेहरा समोर होता, ओठ मुडपून हसणारा, उत्तर सापडल्यावरचा. ते बघतायत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं झटकन पदर ओढून तोंड फिरवलं.

पेपर किती वाजता आहे, हे तिनं विचारलंच नाही.