मुठीतली नळी

माणूस गेला की कपडे उरतात, चपला उरतात. आमच्या थोरल्या लेकाच्या हृदयाचा तुकडाही उरला होता. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी काढलेला, वाटाण्याएवढा. सुनेच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये नळीत बंद करून ठेवला होता.

रडायचं काम माझ्या लेकीनं अंगावर घेतलं होतं. येईल त्याच्या गळ्यात पडून ती रडायची. मला आणि सुनेला ते जमलं नाही. भांडी घासावीत तसे आम्ही दोघी दिवस घासत होतो.

माझी शाळा चौथीला सुटली, पण सुनेचं काम काय ते मला कळतं. तिनं कणीक मळता मळता सांगितलं होतं आणि मी नाक मुरडत का होईना, ऐकलं होतं. पेशीच्या पोटात मोठं पुस्तक असतं. ते जागचं हलत नाही. लागेल तेवढ्याची नक्कल काढायची, बाहेर धाडायची, तिच्यावरून माल तयार झाला की नक्कल फाडून टाकायची. नकलेला शेपूट असतं. ते कुरतडलं जातं, आणि संपलं की नक्कलही संपते. एखादी घटकाभर टिकते, एखादी दिवसभर. मी म्हटलं होतं, "बरं आहे की. आपल्याकडे तर मेलेल्या आत्याबाईंचे टोमणे अजून टिकून आहेत."

थोरल्याच्या पुस्तकात एक चूक होती. नक्कल अर्ध्यावरच "संपलं" म्हणायची. अशी अर्धवट नक्कल पेशी सहसा ओळखते आणि लगेच फाडते. सहसा, नेहमी नाही. तीच चूक माझ्या नातीत उतरली. आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. आता तिला धावायला बंदी होती.

डॉक्टर म्हणाले, औषध आहे. चुकीची नक्कल पेशी फाडत असतील तर ते लागू पडेल. फाडत नसतील तर तेच औषध पोरीच्या जिवावर उठेल. रक्तातून हे कळत नाही, ही नक्कल हृदयातच निघते. पोरीच्या हृदयाला कात्री कोण लावणार? राहिला बापाचा तुकडा. तो एकदाच कुटून तपासता येणार होता.

सुनेच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. सून म्हणाली, मीच करणार. मी म्हटलं, मग मी येणार. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मीही त्यांना तसंच पाहिलं. शेवटी मला पांढरा कोट घालून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि कशालाही हात लावायचा नाही, असं बजावलं. आपल्या घामात, कातडीवर असं काही असतं की नकला क्षणात चावून टाकतं. म्हणून तिथे नाक खाजवलं तरी हातमोजे बदलतात. इतकं सोवळं मी माझ्या सासूच्या घरातही पाळलं नव्हतं.

सुनेनं भांड्यातलं बर्फाहून कैक पट गार नायट्रोजन ओतून खल गार करून ठेवला. दोन्हींतून धूर निघत होता. तुकडा गोठलेला असतानाच कुटायचा असतो. वितळला की पेशी फुटतात आणि आतल्या आत सगळ्या नकलांचा चट्टामट्टा होतो. हे तिनंच मला येताना सांगितलं होतं. नव्या पोरांना ती हेच शिकवते.

तिनं कोरड्या बर्फाच्या डब्यातून नळी उचलली. वर नाव नव्हतं, आकडा होता. तो तिनं वाचला. मग नळी मुठीत धरली आणि तशीच उभी राहिली.

मला वाटलं, काहीतरी आठवत असेल. पण तिची मूठ आवळत गेली. दवाखान्यात ती त्याचा हात असाच धरून बसायची. चेहऱ्यावर काही नव्हतं. खोलीत पंख्याची घरघर होती, बाई पाठमोऱ्या होत्या. मलाही एकदा वाटलं, धरू दे. मीही हात पुढे करावा.

मी म्हटलं, "अगं, सोड. तो नाहीये त्यात. पोरीचं आहे ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं. मग मूठ उघडली आणि नळी धुराच्या भांड्यात बुडवली. बाई वळल्या, काय झालं म्हणून विचारलं. सून म्हणाली, काही नाही. हातमोजे बदलले आणि कुटायला लागली. आवाज औषध कुटल्यासारखाच येत होता.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "कडेनं वितळला असेल, आई. आतला किती राहिलाय, बघू." रागवावं असं मला वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती संध्याकाळी आली आणि चपला न काढताच दारात सांगायला लागली. थोडं खराब झालं होतं, पण वाचता आलं. बरोबर नकला भरपूर होत्या, चुकीची नावालाच सापडली. पेशी ती फाडत होत्या. औषध उद्यापासून सुरू.

"बरं झालं," मी म्हटलं.

"सगळा लागला, आई. काही उरलं नाही."

"उरवून काय करणार होतीस? हात धू. पानं वाढलीत."

मुंगीला दोनदा हाक मारावी लागली. आम्ही तिघी जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं. मीच केली होती. सुनेनं ती खाल्ली, मीही खाल्ली. पोरीनं मीठ मागितलं, तेव्हा सून उठली आणि बरणी आणून ठेवली.